कुलाब्याचं अफगाण चर्च: १८४७, १८५८ की १८६५?

पाटीवाला

कुलाब्याच्या वारसाफेरीसाठी एक पानी माहितीपत्रक तयार होतंय. नेव्ही नगरच्या वाटेवरचं सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, म्हणजे आपलं अफगाण चर्च, त्यात आहे. बांधकामाचं साल एका ठिकाणी १८४७ दिलंय, दुसरीकडे १८५८, तिसरीकडे १८६५. एका लेखात तर हे दुसऱ्या अफगाण युद्धाचं स्मारक असल्याचं छापलंय. मला हवंय ते असं:

कोणतं साल लिहावं?
हे कोणाचं स्मारक आहे?
उंच मनोऱ्यामागचं कारण काय?
लोकांनी आत गेल्यावर नेमकं काय बघावं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. पान एकच असलं तरी फेरी नेणाऱ्याला जास्त माहिती असलेली बरी.

---

जुनी_दप्तरं

तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. क्रम असा:

कुलाबा तेव्हा मुंबईत धरलं जात नव्हतं. शहर फोर्टच्या तटाच्या आत, आणि मधे खाडी. भरतीला वाट बुडायची. कॉजवे झाला १८३८ मध्ये. त्याआधीपासून कुलाब्याला लष्करी छावणी होती आणि तिथल्या गोऱ्या शिपायांसाठी गवती छपराचं एक साधं प्रार्थनाघर होतं, आजच्या जागेच्या दक्षिणेला. ते अपुरं आणि पडकं झाल्यावर छावणीचे चॅपलेन (सरकारी पगारी धर्मगुरू) जॉर्ज पिगट यांनी नव्या चर्चचा आग्रह धरला. पहिलं अफगाण युद्ध नुकतंच आटोपलं होतं, त्यामुळे ‘छावणीचं चर्च’ आणि ‘मेलेल्यांचं स्मारक’ हे दोन हेतू एकत्र झाले. वर्गणी मिळायला हे फार उपयोगी पडलं, हेही खरं.

पायाभरणी: ४ डिसेंबर १८४७, गव्हर्नर सर जॉर्ज रसेल क्लार्क यांच्या हस्ते.

अभिषेक: ७ जानेवारी १८५८, बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते. या दिवशी मनोऱ्याचं शिखर झालेलं नव्हतं.

शिखर पूर्ण: १० जून १८६५.

अँग्लिकन रीतीत अभिषेकाला इमारत शेवटच्या दगडापर्यंत पुरी असावी लागत नाही. बिशपांकडे रीतसर अर्ज जातो, ते इमारतीला फेरी घालतात, अभिषेकपत्र वाचलं जातं आणि त्यावर त्यांची सही होते. त्या सहीनंतर जागा उपासनेखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणून चर्चचं ‘वय’ मोजायचं तर १८५८ घ्यावं. इमारत म्हणून बोलायचं तर ‘१८४७–१८६५’ असं लिहावं. नुसतं १८४७ छापणं सर्वांत वाईट, कारण त्या साली तिथे फक्त एक दगड होता.

अठरा वर्षं का लागली याचं उत्तर पैशात आहे. पहिला आराखडा ऑक्सफर्डच्या जॉन मॅकडफ डेरिक या वास्तुविशारदाकडून आला होता. तो खर्चात बसेना. मग मुंबईतच काम करणाऱ्या हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याचा आराखडा घेतला. हे तेच कॉनीबेअर ज्यांनी विहार तलावाची योजना आखली. तलाव १८६० मध्ये पुरा झाला, चर्चचं शिखर त्याच्या पाच वर्षांनी. फेरीत हे जरूर सांगा, मुंबईकराला ते पटकन लक्षात राहतं.

शिखराचा पैसा कापसाच्या तेजीच्या काळातला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून मुंबईत पैसा वाहत होता. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शेवटी ७,५०० रुपये दिले आणि काम तडीस गेलं. एकूण खर्च साधारण ५,६५,००० रुपये. तारीख पुन्हा बघा: १० जून १८६५. १ जुलैला शेअर बाजाराचे वायदे पुरे करायचा दिवस होता आणि त्या दिवसापासून शहर दिवाळखोरीत गेलं. शिखर आणखी काही महिने रखडतं तर ते बहुधा बिनटोकाचंच राहिलं असतं.

---

दर्यावर्दी

मनोऱ्याच्या उंचीचं मी सांगतो.

सरकारने जागा देताना अट घातली होती की इमारत बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसली पाहिजे. तेव्हा ही उंची नुसती भक्तीपोटी आलेली नाही, जागेची किंमत म्हणूनही आली आहे. शिखर १९८ फूट, म्हणजे साधारण ६० मीटर.

दिसणार किती लांबून? साधा हिशोब आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.०८ ने गुणा. अंतर सागरी मैलांत मिळतं. ६० चं वर्गमूळ ७.७५, गुणिले २.०८ म्हणजे १६ सागरी मैल. डेकवर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून ५ मीटर वर धरला तर त्याचे आणखी साडेचार मैल. एकूण २० च्या वर. खांदेरी बेट कुलाब्याच्या दक्षिणेला साधारण १२ मैलांवर. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर खांदेरी मागे टाकायच्या आधीच टोक नजरेत यायला हवं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळच्या धुरकटात हा हिशोब कोलमडतो, ते वेगळं.

नुसती एक खूण दिसून जहाजाची जागा कळत नाही, दिशा कळते. होकायंत्राने मनोऱ्याची दिशा घ्यायची, दुसऱ्या एखाद्या ठाम खुणेची घ्यायची, दोन्ही रेषा नकाशावर ओढायच्या. जिथे छेदतील तिथे जहाज. दोन रेषांतला कोन काटकोनाच्या जवळ असला तर चूक कमी, तीस अंशांच्या खाली गेला तर भरवसा नाही. कुलाब्याच्या टोकापुढे खडकांची रांग पाण्याखाली पसरलेली आहे, म्हणून ही काळजी. प्राँग्स दीपगृह १८७५ मध्ये उभं राहिलं. त्याआधीची दहा वर्षं दिवसाउजेडी या शिखराचा उपयोग सर्वांत जास्त झाला असणार. रात्री काहीच नाही. चर्चच्या टोकाला दिवा नसतो.

---

फडावरचा

+१ दप्तरं आणि दर्यावर्दी.

स्मारक कोणाचं, यावर मात्र माहितीपत्रकात जपून लिहा. दोन चुका सगळीकडे दिसतात.

पहिली, ‘दुसऱ्या अफगाण युद्धाचं स्मारक’. ते युद्ध १८७८ ते १८८० चं. चर्चचा अभिषेक त्याच्या वीस वर्षं आधी झालेला. विषय संपला.

दुसरी चूक जास्त चिवट आहे: ‘काबूलहून माघार घेताना मारल्या गेलेल्या सोळा हजारांचं स्मारक’. जानेवारी १८४२ च्या त्या माघारीत संपलेलं सैन्य मुख्यतः बंगाल लष्कराचं. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे, म्हणजे सैन्यासोबतचे नोकरचाकर आणि बायकापोरं. मुंबई लष्कराची फौज जॉन कीन यांच्या हाताखाली सिंधच्या किनाऱ्यावर उतरून वर गेली. गझनीचा किल्ला २३ जुलै १८३९ ला पडला, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलात. पुढे १८४३ मध्ये सिंधमधल्या मियानी आणि हैदराबादजवळच्या लढाया. चर्चमधल्या मुख्य स्मारकलेखात सिंध आणि अफगाणिस्तान दोन्हींची नावं आहेत आणि १८३८ ते १८४३ ही सालं आहेत. ‘अफगाण चर्च’ या नावामुळे सिंध सगळ्यांच्या स्मरणातून गळलं.

त्या लेखाचा आशय नीट वाचण्यासारखा आहे. ज्या अधिकाऱ्यांची नावं वेदीच्या भागाच्या भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि आजाराने वा तलवारीने पडलेल्या, इतक्यांची नावं लिहिणं शक्य नाही अशा हुद्देदार व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ. म्हणजे नाव अधिकाऱ्याचं, शिपायाचा नुसता उल्लेख. ‘आजाराने’ हा शब्द ‘तलवारीने’च्या आधी येतो, तोही उगाच नाही. त्या काळच्या मोहिमांत ताप, हगवण आणि पटकी गोळीपेक्षा जास्त माणसं नेत.

आणि यात आपली माणसं होती. मुंबई लष्कराच्या देशी पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, इतर जातींचे शिपाई मोठ्या संख्येने होते. १८४० मध्ये बलुचिस्तानात काहानचा किल्ला कॅप्टन ब्राउन यांच्या हाताखाली महिनोन्‌महिने लढवला तो मुंबईच्या ५ व्या देशी पलटणीने. हीच ‘काळी पाचवी’, आजची मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, जी अजून ‘काली पाँचवीं’ म्हणवते. फेरीतल्या लोकांना भिंतीवरच्या इंग्रजी नावांपाशी उभं करून हे सांगितलंच पाहिजे असं माझं मत.

---

पाटीवाला

वा, हे सगळं सोनं आहे. ‘काळी पाचवी’चा परिच्छेद जवळजवळ तसाच घेतो. आता आतलं सांगा. दगड, काचा, फरशी. आणि बाकांना बंदुकीसाठी खाचा आहेत म्हणतात ते खरं का?

---

टाकीचे_घाव

खाचा खऱ्या आहेत. १० मे १८५७ ला मेरठचा उठाव झाला तो रविवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास. त्यानंतर गोऱ्या पलटणी हत्यारं बराकीत ठेवून चर्चला जायच्या बंद झाल्या. बाकाला खाच किंवा कडी करून बंदूक उभी ठेवायची सोय अनेक छावणी-चर्चांत दिसते. इथला अभिषेक मेरठनंतर आठ महिन्यांनी झाला हे जुळवून बघा.

आता दगड.

भिंतींच्या पोटात डबर, बाहेरच्या अंगाला कुर्ल्याचा बदामी रंगाचा दगड थरांत लावलेला. नेहमीच्या काळ्या बेसाल्टपेक्षा हा दिसायला वेगळा, ताशीव करता येतो पण बारीक नक्षीला हट्टी. म्हणून खांब, कमानी, खिडक्यांच्या चौकटी अशा कोरीव जागी पोरबंदरचा दगड वापरला. तो चुनखडीचा. बारीक गोल कण आणि शिंपल्यांचा चुरा नैसर्गिक चुन्याने सांधलेला. पाथरवटाच्या हाताला लोण्यासारखा, आणि तीच त्याची अडचण. पाणी पितो, खारी हवा पितो.

म्हणून अशा इमारतीत झीज बघायची तर सपाट भिंत बघू नका. खिडकीच्या कडा, कमानीच्या पायथ्याचे थर, पन्हळीखालचे कोपरे बघा. पृष्ठभाग पिठासारखा सुटतोय का? आडोशाच्या जागी काळी खपली धरली आहे का? पिठासारखं सुटणं मिठामुळे. पाण्याबरोबर आत गेलेलं मीठ वाळताना पृष्ठभागाखाली स्फटिक होतं आणि दगडाचा पापुद्रा उचलतं. काळी खपली धुरातल्या गंधकाने चुन्याचा जिप्सम झाल्यामुळे. पावसाने धुतल्या जाणाऱ्या जागी ती टिकत नाही, छज्ज्याखाली टिकते.

रचनेबद्दल थोडक्यात: मध्ये मुख्य दालन, दोन बाजूंना दालनं, टोकदार कमानी, वर सागवानी छत, पूर्वेला वेदीचा भाग ५० फूट लांब आणि २७ फूट रुंद. तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिकचा हा घाट. तुलनेला भायखळ्याचं ख्राइस्ट चर्च घ्या, १८३५ च्या आसपासचं. तेही तेव्हाच्या शहराबाहेरच्या वस्तीसाठी बांधलेलं अँग्लिकन चर्च, पण घाट ग्रीक-रोमन खांबांचा. अवघ्या पंधरा-वीस वर्षांत चव बदलली, कारण १८३९ मध्ये केंब्रिजला आणि ऑक्सफर्डलाही चर्चवास्तूचा अभ्यास करणारी मंडळं निघाली आणि ‘खरं ख्रिस्ती मंदिर म्हणजे मध्ययुगीन गॉथिक’ हा आग्रह वसाहतींपर्यंत पोचला. त्या आग्रहाबरहुकूम भारतात उभ्या राहिलेल्या पहिल्या काही इमारतींत ही एक. पुढे मुंबईत विद्यापीठ, हायकोर्ट, व्हीटी असं जे गॉथिक पीक आलं त्याच्या आधीची पेरणी.

---

काचेरी

आतल्या सजावटीचा बराचसा भाग विल्यम बटरफील्ड या इंग्लिश वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे आहे. वेदीमागची पाटी, पडदा, बाकं, फरशी. पूर्व आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्याच्या. सकाळी पूर्वेची बघा, दुपारी चारनंतर पश्चिमेची. भर दुपारी फेरी नेलीत तर दोन्ही फिक्या दिसतील आणि लोक म्हणतील यात काय एवढं.

काचेत बघायचं काय: रंग दोन प्रकारचे असतात. निळा, लाल, हिरवा हा काच ओततानाच आलेला. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या मात्र काळपट रंगाने काचेवर रेखून भट्टीत भाजलेल्या. पहिला रंग कधी जात नाही. दुसरा, भाजणी कमी झाली असेल तर, दमटपणाने आणि चुकीच्या पुसण्याने जातो. म्हणून काही जुन्या खिडक्यांत वस्त्रं झळझळीत आणि चेहरे कोरे दिसतात. ओलं फडकं, काच पुसायचे फवारे, वर्तमानपत्राचा बोळा, सगळं वर्ज्य. आतल्या बाजूने मऊ केसांचा कोरडा ब्रश, तोही रेखाटनावर नाही.

तुकडे शिशाच्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’सारखा. काच आणि पट्टी यांच्या फटीत जवसाचं तेल आणि खडूची भुकटी यांचं लुकण भरतात. ते वाळून गळालं की पाऊस आत येतो आणि तावदान खुळखुळतं. मागे आडवे लोखंडी गज असतात आणि तांब्याच्या तारेने तावदान त्यांना बांधलेलं असतं. तार तुटली की वाऱ्याने आणि उन्हाने तावदान पोट काढतं. बाजूने तिरपं बघा, फुगवटा लगेच कळतो. थोडा फुगवटा चालतो; काचांना तडे जाऊ लागले किंवा शिशाचे सांधे उकलले की तावदान उतरवावं लागतं.

सर्वांत मोठा घात ‘संरक्षणा’ने होतो. बाहेरून प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा सिलिकॉनने हवाबंद बसवतात. आत हवा तापते, दमट हवा कोंडते, शिसं मऊ पडून वाकतं, रेखाटन सुटतं, पत्रा दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो तो वेगळाच. संरक्षण हवंच असेल तर काच किंवा जाळी चौकटीपासून काही सेंटिमीटर पुढे, वर-खाली हवेला मोकळीक ठेवून.

फरशीबद्दल: भौमितिक नक्षीच्या या फरश्या इंग्लंडहून आणलेल्या. नक्षीच्या फरशीत रंग वरून लावलेला नसतो. मातीच्या लादीत साच्याने खळगा करून त्यात दुसऱ्या रंगाची माती भरतात आणि एकत्र भाजतात. थर काही मिलिमीटरचा, म्हणून दीडशे वर्षं चालूनही नक्षी टिकते. ॲसिडने मात्र टिकत नाही. सांध्यातला चुना उकळून जातो, मग लादी डुगडुगते, मग कोपरा उडतो. साधा सौम्य साबण, घट्ट पिळलेलं पोचं, बस. ढिली लादी ओळखायला लाकडी दांड्याने हलकेच ठोका. बद्द वाजली तर खालचा थर सुटलाय. अशी लादी उचलायची तर आधी फोटो, मग पाठीवर क्रमांक, मग चुन्यातच पुन्हा बसवणं. सिमेंटमध्ये बसवलेली जुनी लादी पुढच्या खेपेला अखंड निघत नाही.

---

वीटभट्टी

सगळीकडे चुना-चुना करताय, पण समुद्राकाठी सिमेंटशिवाय टिकणार काय? पाऊस २००० मिलिमीटरच्या वर. सांधे सिमेंटने घट्ट बंद केले की पाणी आत जायचा प्रश्नच मिटला. कामगारही सिमेंटचेच मिळतात.

---

टाकीचे_घाव

पाणी फक्त सांध्यातून जात असतं तर तुमचं म्हणणं खरं होतं. ते दगडातून, छताच्या कोपऱ्यातून, जमिनीतून वर असं सगळीकडून येतं. बाहेर पडायची सोपी वाट मात्र सांधा. तो सिमेंटने बुजवला की पाणी दगडाच्या तोंडातून वाळतं आणि मीठ तिथेच सोडतं. पोरबंदरच्या दगडावर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: काही वर्षांनी सिमेंटची रेघ पुढे आणि दगड आत गेलेला. वर सिमेंट स्वतःचे क्षार घेऊन येतं. सांधा दगडापेक्षा मऊ असावा, झिजायचं तर त्याने झिजावं; तो बदलता येतो, दगड नाही.

पद्धत अशी. जुनं भरण हातोडी-छिन्नीने काढायचं, ग्राइंडर लावायचा नाही, कारण चक्रीची कड दगडाला एकदा लागली की ती खूण कायमची. खोली सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट, २५ मिलिमीटरच्या खाली नको. धूळ झटकून सांधा पाण्याने भिजवायचा, पण पाणी साचलेलं नको. मिश्रण: मुरवलेला चुना १, स्वच्छ गोड्या पाण्याची चाळलेली वाळू ३. समुद्राकडच्या दर्शनी बाजूला एक भाग वाळू कमी करून तेवढी विटांची सुरखी घालतात, म्हणजे ओलीतही घट्ट होतं. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नाही. मीठच विकत घेतल्यासारखं. भरण थरांत दाबून भरायचं, दगडाच्या तोंडाच्या किंचित आत ठेवायचं, दगडावर लेप ओढायचा नाही. ओलं गोणपाट सात ते चौदा दिवस. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात केलेलं भरण वाळून चिरतं, जूनमध्ये केलेलं वाहून जातं.

आधी एक चौरस मीटरचा नमुना करून त्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. ठेकेदाराला हे आवडत नाही. तरी करावं.

आणखी दोन गोष्टी. दगड एकमेकांना जोडायला जुन्या कामात लोखंडी आकडे असतात. गंजलं की लोखंड कितीतरी पटीने फुगतं आणि बाहेरून दगडाला सरळ रेषेत चीर पडते. अशा चिरेत नुसतं भरण करून उपयोग नाही. आकडा काढून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा बसवावा लागतो. दुसरी, पिंपळ. वरून कापला की दुप्पट जोमाने येतो. बुंध्याला भोक पाडून तणनाशक भरायचं, मूळ मरू द्यायचं, मग दगड मोकळा करून चुन्याने भरायचा. उपटायला गेलात तर तीन दगड सोबत येतील.

मुंबईत ही इमारत वारसायादीच्या पहिल्या श्रेणीतली आहे. त्यामुळे रंगसफेदीपलीकडचं काहीही करायचं तर वारसा समितीची परवानगी लागते. कागद हलायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यानंतर पाहणी करून डिसेंबरात अर्ज करू, असं म्हणणाऱ्यांचं काम पुढच्या वर्षावर जातं. पाहणी पावसाळ्यातच करा. गळती तेव्हाच दिसते.

---

वीटभट्टी

नमुन्याचं पटलं. बाकी कामगारांचा मुद्दा राहतोच.

---

घंटानाद

घंटांवर कोणी बोललं नाही! मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेला, १९०४ चा. पश्चिम भारतात असे संच अगदी मोजके. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयातही टेलरच्याच आठ घंटा आहेत.

या आपल्या देवळातल्या घंटेसारख्या किंवा रोमन चर्चमधल्यासारख्या थोड्या झुलवून वाजवायच्या नाहीत. प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते. आधी झोके देत देत ती तोंड वर करून उभी करतात. मग दोर ओढला की पूर्ण एक फेरा फिरून पुन्हा तोंड वर. एका फेऱ्याला एक ठोका. उभ्या घंटेला तोलायला लाकडाचा एक दांडा असतो. जोरात ओढलं तर घंटा पलीकडे जाऊन तो मोडतो, आणि दोर वाजवणाऱ्याला वर खेचून नेतो. तो दांडा मुद्दाम मोडेल असाच करतात, नाहीतर चौकट मोडेल.

प्रत्येक घंटेला एक माणूस. सूर वाजवत नाहीत, क्रम बदलत जातात: १२३४५६७८, मग २१४३६५८७, असं. कुठलीही घंटा एका वेळी एकच जागा पुढे-मागे सरकते, कारण जड घंटेचा वेग त्याहून जास्त बदलता येत नाही. आठ घंटांचे एकूण क्रम ४०,३२०. सगळे वाजवायला अठरा तासांच्या आसपास लागतात. पाच हजारांच्या वर क्रमांची ‘पील’ साधारण तीन तासांत होते.

इथे आठ शिकलेली माणसं एकत्र मिळणं हाच खरा प्रश्न. शिवाय दोर नैसर्गिक धाग्याचा असेल तर पावसाळ्यात आखडतो आणि पकड वर सरकते, उन्हाळ्यात सैल होतो. ऋतूप्रमाणे गाठ बदलावी लागते. कबुतरांची विष्ठा चौकटीवर साचली की लोखंड झपाट्याने खातं, म्हणून झरोक्यांना आतून जाळी हवी. चाकं न फिरवता हातोडीने ठोका दिला तरी आवाज येतो. पण हातोडीची तार ओढून घट्ट बांधून ठेवलेली असताना कोणी घंटा फिरवली तर घंटेला तडा जाऊ शकतो. वर चढणाऱ्याने आधी प्रत्येक घंटा तोंड खाली करून आहे ना ते बघावं. तोंड वर असलेल्या घंटेच्या दोराला हात लावायचा नाही, कुतूहलानेसुद्धा नाही.

---

साळू

दप्तरं, एक प्रश्न. याला ‘पॅरिश चर्च’ म्हणता येईल का? आणि १८७० च्या आसपास कुलाब्यात बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीची नोंद शोधायची तर कुठे?

---

जुनी_दप्तरं

इंग्लंडमधल्या अर्थाने नाही. तिथे पॅरिशला हद्द असते, तिचं स्वतःचं उत्पन्न असतं, गरिबांची जबाबदारी असायची. इथे चॅपलेन हा आधी कंपनी सरकारचा आणि मग राणीच्या सरकारचा पगारी नोकर. त्याच्या बदल्या होत. खर्च सरकारच्या धर्मखात्यातून. मुंबईला बिशप मिळाले १८३७ मध्ये, पहिले टॉमस कार. त्याआधी सगळा कारभार कलकत्त्याच्या बिशपांकडे. १९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडपासून कायद्याने वेगळं झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा ते त्यात विलीन झालं. आज हे त्याच चर्चचं आहे. वहिवाटीत मंडळी असलेलं, रविवारची उपासना होणारं चर्च म्हणून पॅरिश म्हणायला हरकत नाही.

आणखी एक फरक. इंग्लंडमधल्या गावच्या चर्चभोवती कबरी असतात. इथल्या भिंतीवरच्या पाट्यांमागे कोणी पुरलेलं नाही. ती माणसं सिंधमध्ये आणि अफगाणिस्तानात राहिली. कुलाब्यात वारलेल्यांची दफनं वेगळ्या दफनभूमीत. त्यामुळे ‘पाटी आहे म्हणजे कबर आहे’ असं धरून शोधू नका.

नोंदीसाठी: चॅपलेन बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवत आणि त्यांच्या नकला बिशपांच्या निबंधकामार्फत लंडनला जात. त्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालसाठी एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. आधी सूची, मग खंड आणि पान. शोधताना या गोष्टी सांभाळा:

सूची आडनावावर आहे आणि स्पेलिंग लेखनिकाच्या कानावर. तीन-चार पर्यायांनी बघा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगळ्या असतात. छावणीतल्या कुटुंबांत दोन्हींत महिने जाऊ शकतात. सालाच्या पुढे-मागे दोन वर्षं धरा.

वडिलांच्या हुद्द्याच्या रकान्यात पलटण लिहिलेली असते. तिच्यावरून पुढचा माग काढता येतो, कारण पलटण हलली की कुटुंब हललं. नोंद कुलाब्यात नाही मिळाली तर पुणे, किरकी, देवळाली, कराची या छावण्यांच्या वह्या बघाव्या लागतात.

देशी ख्रिस्ती कुटुंबांची नोंद बहुतेकदा छावणीच्या चर्चमध्ये नसते, मिशनच्या वह्यांत असते. तिथे नाव बाप्तिस्म्यानंतरचं, वडिलांचं नाव आधीचं, असं सापडतं.

चर्चच्या कारभाराचे कागद, म्हणजे जागेची अट, वर्गण्या, दुरुस्त्यांचे अंदाजपत्रक, यासाठी मुंबईतच राज्य पुराभिलेखागारात धर्मखात्याचे खंड बघा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. वर्षवार बांधलेले आहेत. ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय सांगणारं पत्र न्या. खंडाचा क्रमांक सूचीतून काढून चिठ्ठी भरायची असते, आणि जीर्ण खंड मिळेलच असं नाही. १८५८ चा अभिषेक आणि १८६५ चं शिखर यांसाठी त्या त्या आठवड्यांची वर्तमानपत्रं बघा. ‘बॉम्बे टाइम्स’ १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाला, म्हणून दोन्ही तारखांना वेगळ्या नावाखाली शोधावं लागेल.

---

साळू

धन्यवाद. वडिलांची पलटण माहीत आहे, त्यामुळे किरकीपासून सुरुवात करता येईल.

---

जुनी_दप्तरं

मग आधी ती पलटण त्या सालात कुठे होती ते सैन्ययादीत बघा. सहा-आठ महिन्यांच्या फरकाने मुक्काम बदललेला असतो.